‘बिन’पुढचं नाव

मॉरिशसहून आलेल्या स्नेह्याने प्लास्टिकच्या कव्हरातून एक कागद काढून ओटीवर ठेवला. त्याच्या खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा. नंबर, जहाज, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव. शेवटी अंगावरची खूण, उजव्या भुवईवर व्रण. सांगता सांगता त्याचं बोट स्वतःच्याच भुवईकडे गेलं.

1834पासून उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेल्या साडेचार लाख भारतीयांपैकी हे एक. मुंबईहून निघाले, पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. त्यांच्यापर्यंत पोचायला आधी स्वतःचा जन्मदाखला लागतो, मग वडिलांचा, मग आजोबांचा. एखाद्या जुन्या दाखल्यावर नंबर सापडला की मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या वह्यांत नोंद काढता येते. आडनावाचा उपयोग नाही. तिथे बापाचं नावच पुढे आडनाव होऊन बसलं.

कागदावर जिल्हा रत्नागिरी. पण सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली. तोवर मालवणही रत्नागिरीतच. गावाचं नाव कारकुनाने ऐकलं तसं रोमन अक्षरांत लिहिलेलं. त की ट, ल की ळ, कळायला मार्ग नाही. म्हणून आम्ही ते नाना तऱ्हांनी मोठ्याने म्हणत हिंडलो. मालवणजवळ एका आजोबांनी ते दोनदा पुटपुटलं, मग नीट उच्चारलं आणि विचारलं, “वाडी खंयची?”

गाव लागलं. वाडी कागदात नव्हती.

इथल्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, म्हणजे गाव नमुना 14, जहाज सुटल्यावर वीसेक वर्षांनी सुरू होतात, आणि त्या मोडीत. गेलेला माणूस त्यात मिळणार नाही. शोधायचे ते मागे राहिलेले. मोडीत आधी रेघ आखतात आणि तिच्याखाली लेखणी न उचलता लिहीत जातात; शब्द कुठे संपला ते नवख्याला दिसतच नाही. आमचे मोडीवाचक काका फक्त ‘बिन’ हेरत होते. अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं बोट थांबलं. ‘बिन’पुढे उताऱ्यातलंच बापाचं नाव. नाव सर्रास आढळणारं, तेवढ्यावर भावकी ठरत नाही. पण जातही तीच होती. स्नेही म्हणाला, “काका, परत वाचा.” काकांनी सावकाश वाचलं. ओळीच्या शेवटी वाडीचं नाव होतं.