मत तुमचं, पण कान कुणाचे?

समजा तुम्हाला कुणी विचारलं, "अमुक सिनेमा कसा आहे रे?" आणि तुम्ही झटकन म्हणालात, "एकदम बेकार!" लगेच पुढचा प्रश्न आला, "कधी पाहिलास?" आणि तुम्ही तर तो पाहिलेलाच नाही! फजितीच ना?

माझी अश्शीच फजिती झाली होती, एका रॉक अल्बमपायी.

तेव्हा मी डी.एड.ला होते. आमच्या होस्टेलवर 'क्वीन' या इंग्लंडच्या बँडचं भारी वेड. आमच्या खोलीतली एक मैत्रीण ठासून सांगायची, "त्यांचा 'हॉट स्पेस' अगदी टाकाऊ!" झालं, मीही तेच सगळ्यांना सांगत सुटले. एकदा शेजारच्या खोलीतल्या ताईनं शांतपणे विचारलं, "त्यातलं कुठलं गाणं आवडलं नाही गं तुला?" मी गप्प! एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. "मग हे मत तुझं कसं?" ती म्हणाली. कान असे लाल झाले म्हणता!

त्या रात्रीपासून मी एकेक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचं ठरवलं.

आधी या मंडळींची ओळख करून देते. गायक फ्रेडी मर्क्युरी. याचं मूळ नाव फारूख बलसारा. पारशी घरातला हा मुलगा 1946 साली झांझिबारला जन्मला आणि शिकायला आला कुठे, तर आपल्या पाचगणीला! तिथल्या सेंट पीटर्स शाळेत मित्रांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला होता. गिटारवाला ब्रायन मे तर भलताच उद्योगी. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी मिळून घरीच गिटार बनवली. तिच्या दांड्याला लाकूड वापरलं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं! पुढे 2007 साली याच ब्रायननं खगोलशास्त्रात पीएच.डी. मिळवली. ड्रमवर रॉजर टेलर आणि बेस गिटारवर जॉन डीकन. झाली चौकडी पुरी.

आता माझी मतं ऐका. पटली नाहीत तर खुशाल भांडा!

'क्वीन टू' (1974): या रेकॉर्डच्या दोन बाजूंची नावं 'ए' आणि 'बी' नव्हेत, तर 'पांढरी' आणि 'काळी'! काळ्या बाजूची सगळी गाणी फ्रेडीची. पहिल्यांदा ऐकताना नुसता गोंधळ वाटला. चौथ्यांदा ऐकताना मात्र थांबवेना.

'अ नाइट ॲट द ऑपेरा' (1975): यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जवळजवळ सहा मिनिटांचं. मधे मोठा गायकवृंद गातोय असं वाटतं, पण आवाज तिघांचेच, पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवलेले. सगळे याच गाण्याचं नाव घेतात. माझं लाडकं मात्र ब्रायनचं 'थर्टी-नाइन'. त्यातले अंतराळवीर वर्षभराच्या सफरीवरून परततात, तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली! आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद चक्क गाण्यात!

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' (1977): 'वुई विल रॉक यू' इथलंच. ड्रम नाहीत, नुसतं दोनदा पाय आपटणं आणि एक टाळी. गिटार येते ती थेट शेवटी. वर्गात बाकावर वाजवून पाहा, पण मधल्या सुट्टीत हं! पहिली दोन गाणी फर्मास, पुढे मात्र माझं लक्ष उडतं.

आणि तो 'हॉट स्पेस' (1982). या अल्बममध्ये मंडळी रॉक बाजूला ठेवून नाचाच्या तालाकडे वळली, म्हणून कित्येक चाहते रुसले. खरं सांगू? पहिली बाजू मलाही आवडली नाही. पण दुसऱ्या बाजूला जॉन लेननच्या आठवणीतलं एक हळवं गाणं आहे. आणि शेवटी डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर'. त्याच्या सुरुवातीचे बेस गिटारचे सूर एकदा ऐकले की दिवसभर डोक्यात वाजत राहतात. असा अल्बम टाकाऊ कसा म्हणायचा?

मी धावत ताईकडे गेले. म्हटलं, "अर्धा आवडला, अर्धा नाही!" ती हसली. म्हणाली, "आता बोल. हे तुझं."

दोस्तांनो, मत चुकलं तर बदलता येतं. पण उसनं मत बदलणार तरी कसं? ते आपलं नसतंच मुळी! तेव्हा या रविवारी एक काम करा. रॉक असो, नाट्यगीत असो की पोवाडा, 'हे काही आपल्याला आवडत नाही' असं न ऐकताच ठरवलेलं काहीतरी निवडा आणि शेवटपर्यंत ऐका. मग खुशाल म्हणा, "नाही आवडलं!"

पण तेव्हा कान तुमचे असतील!