भुंगा वाईट, फुलपाखरू चांगलं? जरा थांबा, नीट बघा

गोठ्याच्या वाशाला गोल भोक आणि खाली भुसा दिसला की आपण काळ्या भुंग्याच्या मागे लागतो. बागेत मोठं काळं-निळं फुलपाखरू आलं की मात्र फोटो काढतो. दोघांचं काम बघितलं तर हिशोब वेगळा निघतो.

*काळा भुंगा*
हा लाकूड खात नाही. मादी वाळलेलं लाकूड किंवा बांबू पोखरून आत कप्पे करते. प्रत्येक कप्प्यात पराग आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं. पोट भरायला ती फुलांवर जाते. वांग्याचे पराग नळीसारख्या परागकोशात अडकलेले असतात. भुंगा अंग थरथरवून ते झाडतो, मधमाशीला हे जमत नाही. तूर आणि शेवग्याच्या फुलांवरही तो येतो. नराला नांगी नसते. मादी हातात धरली तरच डंख मारते.

*नीलवंत (ब्लू मॉर्मन)*
२०१५ पासून हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. जंगलात ते माकडलिंबूवर अंडी घालतं, बागेत लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. लिंबावरच्या नेहमीच्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराची अळीही अशीच. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी फरक पडत नाही, पण रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत त्या रोप बोडकं करतात.

*काय करायचं?*
✅ रोपं आणि लहान झाडं पालवी फुटताना रोज बघा. अळ्या हाताने वेचा. बांधावर माकडलिंबू असेल तर तिकडे सोडा.
✅ अळ्या जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.
✅ वांगी, तूर, शेवगा फुलोऱ्यात असताना कीटकनाशक टाळा. गरजच पडली तर ऊन उतरल्यावर फवारा.
✅ वाशांना रंग द्या, रंगवलेल्या लाकडात भुंगा सहसा शिरत नाही. त्याच्यासाठी बांधावर वाळलेल्या बांबूचे तुकडे बांधून ठेवा.

⚠️ जिवंत संत्र्याच्या खोडाला भोक आणि भुसा-विष्ठेची जाळी दिसली तर तो भुंगा नव्हे, साल खाणारी अळी आहे. फोटो काढून लगेच पाठवा, उपाय कळवतो.

– आपला कृषी सल्लागार