चक्रीचा हिशेब एकदा कागदावर मांडा



बोंडअळी, माती परीक्षण, ठिबक या विषयांवर आपण नेहमी बोलतो. आज घरावर पडणाऱ्या एका किडीबद्दल लिहितो. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे, बाजाराच्या गल्लीत, अर्धे शटर ओढलेली काही दुकाने असतात. बाहेर पाटी ‘व्हिडिओ गेम’ची किंवा काहीच नसते. आत पडद्यावर शून्य ते नऊ आकड्यांचे चक्र फिरत असते. कोणी त्याला चक्री म्हणतो, कोणी बिंगो. नाव कोणतेही असो, काम एकच.

२०२४ च्या डिसेंबरातील गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्यास ठिबक संचाची पूर्वसंमती मिळाली होती. पाच एकर जमीन, विहिरीला बरे पाणी, माणूस कष्टाळू. संच आधी स्वतःच्या पैशाने बसवायचा आणि अनुदान मागाहून खात्यावर जमा व्हायचे, हे त्याला ठाऊक होते. कापूस विकून झाला होता. तरी मुदत संपत आली आणि संच काही येईना. दोन निरोप धाडले, उत्तर नाही. तेव्हा मीच त्याच्या घरी गेलो.

तो घरी नव्हता. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करूनच बोलली, “साहेब, कापसाचे पैसे कुठं गेले, तुम्हीच विचारा त्यांना. मी विचारलं की ताटावरून उठतात.”

“वहिनी, किती दिवसांपासून असं चाललंय?”

“दिवाळीपासून.”

संध्याकाळी तो शेताच्या बांधावर भेटला. बराच वेळ पऱ्हाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब, स्टँडमागं गेले सगळे.”

अठरा क्विंटल कापूस, क्विंटलला सात हजार, म्हणजे १ लाख २६ हजार रुपये. त्यातून वेचणीची मजुरी आणि कृषी सेवा केंद्राची उधारी मिळून ४१ हजार गेले. उरलेले ८५ हजार सात आठवड्यांत चक्रीने खाल्ले. ते परत मिळवावेत म्हणून फवारणीचे कारण सांगून बायकोच्या बचत गटातून २० हजार उचलले आणि सावकाराकडून महिना शेकडा पाच दराने ३० हजार आणले. तेही गेले. सुरुवात कशी झाली? पहिल्या दिवशी पन्नास रुपयांचे साडेचारशे झाले होते.

माझी चूकही सांगितली पाहिजे. त्या गल्लीच्या तोंडाशी मी त्याला दोनदा पाहिले होते. चहाला आला असेल असे समजून पुढे गेलो. पिकाची पाने पिवळी पडली की मी गाडी थांबवून शेतात उतरतो. माणूस पिवळा पडला तेव्हा उतरलो नाही.

दहा घेऊन नऊ देणारा धंदा

आता हिशेब मांडू. त्याने सांगितले त्याप्रमाणे एका आकड्यावर १० रुपये लावायचे आणि तो आकडा आला तर ९० मिळायचे. आकडे दहा. समजा, दहाही आकड्यांवर आपण दहा-दहा रुपये लावले. खर्च १०० रुपये झाला. एक आकडा येणारच, त्याचे ९० मिळाले. दहा रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात पडले. कोणताही आकडा येवो, ते पडणारच. मटक्याच्या एका आकड्याचा भावही हाच, एकास नऊ.

म्हणजे सरासरीने प्रत्येक फेरीला शेकडा दहा कापले जातात. आडत्याने एका पट्टीवर शेकडा दहा कापले तर आपण बाजार समितीत आरडाओरडा करू. येथे मिनिटामिनिटाला कापतात आणि आपण गप्प बसतो. हजार रुपये घेऊन बसलेल्या माणसाने हाती येईल ते पुन्हा लावले, तर सरासरीने सातव्या फेरीअखेर निम्म्याहून कमी उरतात आणि बाविसाव्या फेरीअखेर शंभराच्या आत. मध्ये कधी हजाराचे दोन हजार होतात, त्यामुळे ही उतरण डोळ्यांना दिसत नाही.

हा हिशेबही यंत्र प्रामाणिक आहे असे धरून मांडला. हा धंदाच चोरून चालणारा आहे. तेथे वजनकाटा तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. कोणता आकडा काढायचा हे आतून ठरवलेले असले, तर कोणाला कळणार?

कापसाच्या भावातून निघालेला मटका

आकड्यांचा हा नाद नवा नाही. मटक्याचा जन्मच कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद भाव तारयंत्राने मुंबईला येत, त्यावर लोक पैसे लावीत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ते थांबले, तेव्हा आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून काढू लागले. त्यावरून मटका हे नाव पडले. परंतु मटक्याच्या निकालाला तासन् तास थांबावे लागे. तेवढ्या वेळात माणूस घरी जाई, जेवे, कधी शुद्धीवरही येई. यंत्राने ती उसंत काढून घेतली.

हाच अनुभव इंग्लंडनेही घेतला. तेथे पैजा घेणारी दुकाने परवाना घेऊन उघडपणे चालतात. त्या दुकानांत चक्राची यंत्रे आली. दर वीस सेकंदांना १०० पौंडांपर्यंत रक्कम लावता येत असे. म्हणजे तासाला १८ हजार पौंड फिरवण्याची सोय. संसारांची धूळधाण झालेल्या लोकांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, तेव्हा १ एप्रिल २०१९ पासून सरकारने ही मर्यादा अवघ्या २ पौंडांवर आणली. जेथे यंत्रे परवान्याने आणि नियमाने चालतात तेथे ही गत, तर अर्ध्या शटरआडच्या दुकानाची काय कथा!

आशा जमिनीवर करावी

मला एक प्रश्न छळत होता. दहा रुपयांच्या बियाण्याचे चार दुकानांत भाव विचारणारा हा माणूस असा कसा फसला?

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की कधी दाणा पडायचा, कधी नाही, आणि केव्हा पडेल याचा नेम नाही, अशी व्यवस्था केली. कबुतरे न थकता चोच मारीतच राहिली. चक्रीही तशीच दाणा टाकते. शिवाय आपण चारवर पैसे लावावेत आणि काटा पाचवर थांबावा, की मन म्हणते, ‘थोडक्यात हुकले.’ खरे तर पाच काय आणि नऊ काय, पैसे तेवढेच गेले.

आम्हा शेतीतल्या माणसांची आणखी एक गोष्ट आहे. पाऊस दडी मारतो, उगवण करपते आणि आम्ही दुबार पेरणी करतो. दोन वर्षे भाव पडला तरी तिसऱ्या वर्षी लागवड करतो. ‘आता तरी लागेल’ या आशेवर शेती चालते. हा आपला गुण आहे. तोच गुण घेऊन शेतकरी यंत्रासमोर बसतो आणि तेथे तो गुण त्याचा घात करतो. जमिनीला स्मरण असते. गेल्या वर्षी घातलेले शेणखत ती यंदाही देते, तुरीनंतरच्या पिकाला बेवड लाभतो. यंत्राला कसलेच स्मरण नाही. आपण वीस वेळा हरलो म्हणून एकविसाव्या वेळी त्याला दया येत नाही. प्रत्येक फेरी कोरी आणि प्रत्येक फेरीत दहाला नऊ.

हे दुःख फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. बायको दुरावलेली, सासू द्वेष करणारी, कर्जाच्या भीतीने तो रात्री परक्या घरी जातो. त्याला शेवटी सांगितले आहे की फासे टाक आणि शेत कस.

घरच्यांनी काय करावे

१. हा आजार आहे असे समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे. शिव्या आणि मारहाण यांनी माणूस खोटे बोलायला शिकतो, सुटत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन केल्यास मोफत आणि मराठीतही सल्ला मिळतो.

२. सर्व देणे एका कागदावर लिहून काढा. सावकार, बचत गट, सोसायटी, पाहुणे, गहाण दागिने, काहीही लपवू नका. भावाने किंवा सासऱ्याने गुपचूप सगळे फेडून टाकू नये. मोकळा झालेला हात पुन्हा यंत्राकडे जातो. फेडायचे ते हप्त्याने, घरादाराच्या माहितीने.

३. माल विकण्याच्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नका. पैसे खात्यावर घ्या. एटीएम कार्ड आणि पासबुक काही काळ घरच्या दुसऱ्या जबाबदार माणसाकडे ठेवा. मोबाइलवरील पैशाचे खेळ काढून टाका. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यात खेळ चालवणाऱ्यास व त्याची जाहिरात करणाऱ्यास शिक्षा आहे.

४. कीटकनाशके कुलपात ठेवा. हे मी अगदी कळकळीने सांगतो. कर्ज उघडे पडण्याचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. माणूस अबोल झाला, ‘माझ्यामागं तुम्ही सुखी व्हाल’ असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. औषधाची पेटी शेजाऱ्याकडे ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

५. एका शपथेवर विसंबू नका. लव्हाळा एका खुरपणीने जात नाही, गाठ जमिनीत राहते. पुन्हा उगवला म्हणून आपण शेत सोडून देतो का? पाय घसरला तर पुन्हा खुरपायचे.

दुकानाबद्दल गावाने मिळून पोलिसांत तक्रार द्यावी. जुगाराचा अड्डा चालवणे हा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेच गुन्हा आहे. एकट्याने तक्रार करायला माणूस भितो, ग्रामसभेचा ठराव भीत नाही.

त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ठिबकची पूर्वसंमती मुदत संपून रद्द झाली. तो जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊ लागला. पोळ्याच्या बाजारात एकदा पाय घसरला, सहाशे रुपये गेले. त्या रात्री त्याने स्वतःहून बायकोला सांगितले. हे सांगणे मला सहाशे रुपयांपेक्षा मोठे वाटते. सावकाराचे निम्मे फिटले आहे, बचत गटाचा हप्ता चालू आहे. घरात आता एक वही आहे आणि ती वहिनी लिहितात. ठिबकसाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी अर्जासोबत आलेला मोबाइल क्रमांक वहिनींचा होता.

तुमच्या घरात कापसाचे, कांद्याचे, सोयाबीनचे पैसे येतील तेव्हा सगळ्यांनी मिळून एकदा वही उघडा. आणि कोणी ताटावरून मुकाट्याने उठू लागला, तर मी केले तसे करू नका. त्याच दिवशी विचारा.

— एक कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)