बेरोजगारी ३.२ टक्के, मग रांगेत कोण?

पोलीस शिपाई ९,५९५. राज्य राखीव दलाचे जवान ४,३४९. कारागृह शिपाई १,८००. चालक १,६८६. बॅण्डस्मन ४१. महाराष्ट्रातल्या २०२४ च्या पोलीस भरतीत या एकूण १७,४७१ जागा होत्या आणि त्यांच्यासाठी अर्ज आले १७,७६,२५६.

सरासरी काढली तर एका जागेमागे १०२ अर्ज. पण सरासरी इथे बरंच काही झाकते. शिपायाच्या एका जागेला ८६ अर्ज होते, कारागृह शिपायाच्या जागेला २०७. बॅण्डस्मनच्या ४१ जागांसाठी ३२,०२६ अर्ज आले, म्हणजे जागेमागे ७८१. राज्यात वाजंत्र्यांची एवढी मोठी फौज आहे, हे लग्नसराईत बँड ठरवायला निघालेल्या कुणालाही पटणार नाही. जिथे फॉर्म भरता येतो तिथे भरून ठेवायचा, हे त्यामागचं साधं गणित आहे. म्हणूनच अर्ज म्हणजे माणूस नव्हे. एकाच पोराचे दोन-तीन पदांचे अर्ज या बेरजेत आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीतही ४,६४४ जागांसाठी सुमारे १० लाख ४१ हजार अर्ज होते आणि प्रत्यक्ष परीक्षेला बसले ८ लाख ६५ हजारांच्या आसपास. सहातला एक आलाच नाही.

ही सगळी वजावट केली तरी रांग लांबच राहते. आणि ती हलत नाही. त्याआधीच्या पोलीस भरतीत १८,३३१ जागा होत्या, अर्ज सुमारे १८ लाख. एवढी पोरं खाकीत गेली तरी पुढच्या खेपेला जागेमागे शंभराचाच हिशेब.

आता दुसरा आकडा. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातली बेरोजगारी ६.१ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आली. भरतीची रांग आणि हे ३.२ टक्के, दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. या वार्षिक दरासाठी गेलं वर्ष बघितलं जातं, आणि वर्षातले तीसेक दिवस दुय्यम काम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. पहाटे मैदानावर धावणारा, दुपारी बापाबरोबर कांद्याला पाणी देणारा आणि रात्री अभ्यासिकेत बसणारा मुलगा त्यामुळे बेरोजगार ठरत नाही. तो ‘घरच्या उद्योगातला मदतनीस’ होतो.

या मदतनिसांचीच संख्या वाढली आहे. स्वयंरोजगारातल्या लोकांचा वाटा सहा वर्षांत ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेला. वाढ ६.२ टक्के अंकांची. त्यात बिनपगारी घरगुती मदतनीस १३.६ वरून १९.४ टक्के झाले, म्हणजे ५.८ ची वाढ एकट्या त्यांची. स्वतःचा धंदा करणारे जवळपास होते तिथेच आहेत. नियमित पगारदारांचा वाटा तर २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरला. बेरोजगारी कमी झाल्याच्या बातमीबरोबर हा तक्ता छापला जात नाही, हे मला खटकतं. काम वाढलं, पगारी नोकरीचा वाटा वाढला नाही, असं तो तक्ता सरळ सांगतो.

पगारदार झाल्यावर तरी काय? त्याच सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये शेती सोडून इतर क्षेत्रांतल्या नियमित पगारदारांपैकी ५८ टक्क्यांकडे लेखी करार नव्हता. निम्म्याहून अधिकांना पीएफ, पेन्शनसारखं सामाजिक सुरक्षेचं कवच नव्हतं. पगाराची सरासरी महिना २१ हजारांच्या घरात होती. आता पोलीस शिपायाचं मूळ वेतन बघा: २१,७००. त्यावर २०२४ चा ५० टक्के महागाई भत्ता धरला की ३२,५५०, घरभाडं वेगळं. बारावीवर मिळणारी, पहिल्या दिवसापासून कागदावर असलेली ही रक्कम खासगीत किती ठिकाणी मिळते? त्यामुळे पदवीधर आणि इंजिनिअर शिपाई व्हायला येतात याचं आश्चर्य वाटू नये. त्यांचा हिशेब चोख आहे.

शंभरातला एक घ्यायचा म्हटलं की भरतीचं यंत्र निवडण्यापेक्षा गाळण्यासाठी चालतं. पोलीस शिपायाच्या भरतीत आधी मैदानी चाचणी, ५० गुणांची. पुरुषांना १,६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, मग सर्वांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेला दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात. म्हणजे बाकीच्यांच्या बुद्धीची परीक्षाच होत नाही. २०२४ ची मैदानी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. गावाकडून आलेल्या पोरांनी फूटपाथवर, पुलाखाली रात्री काढल्या.

तलाठी भरतीची तऱ्हा वेगळी. लाखो उमेदवार एका वेळी संगणकावर बसवता येत नाहीत, म्हणून १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात ५७ सत्रांत परीक्षा झाली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, काठिण्य वेगळं. ते समान करायला सूत्र लावलं आणि निकालात २०० पैकी २१४ गुण झळकले. सूत्र गणिताच्या नियमात बसत असेलही. पण एका गुणाने यादीबाहेर गेलेल्याला ते कसं पटवायचं? या परीक्षेचं शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये होतं. सगळ्यांचं ९०० च धरलं तरी बेरीज ९३ कोटींवर जाते. अभ्यासिका, मेस, खोलीभाडं हा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही.

कारखान्यांत तर भरतीचा दरवाजाच बदलला आहे. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटींचा वाटा २०२२-२३ मध्ये ४० टक्क्यांहून अधिक होता. एमआयडीसीत कामाला लागणारा पोरगा आता बऱ्याचदा कंपनीत लागत नाही, ठेकेदाराकडे लागतो. मशीन कंपनीचं, हजेरी ठेकेदाराची. महाराष्ट्राने २० कामगारांपासून लागू होणारा कंत्राटी कामगार कायदा ५० पासून लागू केला, त्यामुळे छोटे ठेकेदार नोंदणीतूनही सुटले.

सरकारही त्याच वाटेने निघालं होतं. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी एजन्सींमार्फत पदं भरायची ठरली. पोरं रस्त्यावर उतरली, विरोधकांनी रान उठवलं आणि २० ऑक्टोबरला तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. बाह्यस्रोतातून माणसं घेणं मात्र त्याआधीही चालू होतं. सफाई, सुरक्षा, डेटा एन्ट्री अशा कामांचे ठेके निघतात. बेरोजगारीच्या दराबरोबर दरवर्षी आणखी दोन आकडे छापले पाहिजेत: कोणत्या खात्यात किती माणसं ठेक्यावर आहेत, आणि भरतीचे अर्ज नेमक्या किती वेगवेगळ्या व्यक्तींचे होते, त्यांचं वय काय आणि तो त्यांचा कितवा प्रयत्न. दुसऱ्या आकड्यासाठी सर्वेक्षणसुद्धा नको, फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि ओळखपत्र भरून घेतलेलंच असतं.