प्रतापगडचे छायाचित्र: भिंतीवर आणि अंकात

छायाचित्राला गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे असते. एकाला ते घरात किंवा कार्यालयात लावायचे असते. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे मासिकाचा संपादक. त्याला त्यातून वाचकाला काहीतरी सांगायचे असते. पहिल्याला कागद विकला जातो, दुसऱ्याला छापण्याची परवानगी. या दोन व्यवहारांची गल्लत झाली की चांगली छायाचित्रेही हार्डडिस्कवर पडून राहतात, नाहीतर कवडीमोलाने जातात.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले प्रतापगड या दोन्ही दृष्टींनी श्रीमंत आहे. महाशिवरात्रीला इथे महादेवाची यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही भाविकांची रीघ लागते. जवळच १९७०च्या दशकात वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथले नववर्ष, लोसार, बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे यात्रेच्याच सुमारास येते. नवेगावबांधचा तलाव, इटियाडोह धरण आणि २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प याच परिसरात आहेत. धान निघाले की झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटके आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात. महाराष्ट्रात आता फार थोडे उरलेले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या धानाच्या बांध्यांतच दिसतात.

यातले भिंतीवर काय जाईल? पहाटेच्या धुक्यातला नवेगावबांध जाईल, बांधीतली सारसाची जोडी जाईल. यात्रेतल्या गर्दीचे छायाचित्र कितीही जिवंत असले तरी दिवाणखान्यासाठी ते क्वचितच घेतले जाते. मासिकाचे नेमके उलटे असते. एकट्या सुंदर तलावाचे संपादकाला फारसे काम नसते. एकाच परिसरात यात्रा, दर्गा आणि लोसार हे मात्र त्याला हवे असते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे.

प्रिंट विकायची तर आधी तिचा आकार ठरवावा लागतो. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून साधारण ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे चित्र मिळते. इंचाला ३०० ठिपके या उत्तम प्रतीने छापल्यास ते वीस बाय तेरा इंचांपर्यंत पुरते. लांबच्या पक्ष्याला जवळ आणण्यासाठी चित्र अर्धेअधिक कापले असेल, तर हे माप झपाट्याने उतरते. दुसरी अडचण उजेडाची. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. पावसाळी आभाळाखालच्या गर्द हिरव्या धानात उभा सारस पडद्यावर देखणा दिसतो, पण कागदावर धान काळपट होते आणि पक्ष्याची राखाडी पिसे त्यात बुडून जातात. म्हणून पूर्ण प्रिंटआधी चित्रातला सर्वांत गडद भाग तेवढा पट्टीभर छापून उजेडात पाहावा. हा थोडासा खर्च वाचवणे महागात पडते.

कापसाच्या लगद्याच्या कागदावर पिगमेंट शाईने काढलेली प्रिंट, उन्हापासून जपली तर, कित्येक दशके टिकते. त्यामुळे तिला साध्या लॅब प्रिंटपेक्षा जास्त किंमत मागता येते. किंमत ठरवताना कागद, शाई, पुठ्ठ्याची नळी, टपाल, वाया जाणाऱ्या प्रती आणि संकेतस्थळाचा वाटा धरावा लागतो. बहुतेक जण स्वतःची मेहनत मात्र धरायला विसरतात. फाइन आर्ट अमेरिकासारखी संकेतस्थळे मागणी आली की स्वतःच छापून पाठवतात. त्यात भांडवल लागत नाही, पण कागदावर नजर ठेवता येत नाही. इन्स्टाग्रामवर चित्र दाखवून यूपीआयने पैसे घेणे आणि प्रिंट स्वतः पाठवणे कष्टाचे आहे. सुरुवातीला तरी तेच बरे, कारण गिऱ्हाईक काय म्हणते ते थेट कळते. मॅग्नम ही जगप्रसिद्ध छायाचित्रकारांची संस्था सहा बाय सहा इंचांच्या छोट्या प्रिंट थोड्याच दिवसांच्या मुदतीत विकते. मुदत आणि छोटा आकार ही युक्ती गावातल्या छायाचित्रकारालाही जमण्यासारखी आहे. ‘मर्यादित प्रती’ म्हणून विकल्यावर मात्र आकडा पाळलाच पाहिजे; वीस सांगून पंचविसावी काढणे ही फसवणूक आहे. परराज्यात माल विकायचा तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, तो सल्लागाराला विचारूनच सोडवावा.

मासिकाचे वेळापत्रक वेगळे असते. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. महाशिवरात्रीचे छायाचित्र महाशिवरात्रीनंतर पाठवले तर ते शिळे ठरते. या वर्षी काढलेली यात्रा पुढच्या वर्षीच्या अंकासाठी दोन-तीन महिने आधी पाठवावी. ईमेलमध्ये विषय चार-पाच वाक्यांत सांगावा आणि आठ-दहा छोट्या आकाराची चित्रे जोडावी. त्यात परिसर दाखवणारे एखादे, माणसांची काही आणि अगदी जवळून टिपलेली एक-दोन असावीत. मुखपृष्ठाच्या आशेने एखादे उभे चित्र ठेवावे, ज्यात वर मासिकाचे नाव बसायला मोकळी जागा असेल. प्रत्येक चित्राखाली कोण, कुठे, केव्हा हे हवेच. मोठ्या फाइल मागितल्यावर द्याव्यात, आणि त्या व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नयेत, कारण तिथे त्या आकसतात. एकच मालिका एकाच वेळी दोन दिवाळी अंकांना देऊ नये.

‘मानधन नाही, पण नाव छापू’ असे उत्तर अजूनही येते. दूरवरच्या गावात दिवसचे दिवस घालवणाऱ्याला ते पुरेसे नाही, आणि मानधन आधीच विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. ‘एकदा छापण्याची परवानगी’ एवढे शब्द पत्रात असले की तेच चित्र पुढे प्रिंट म्हणून विकायला मोकळे राहते. मात्र कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, तो पैसे देणाराच असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो.

माणसांच्या आणि पक्ष्यांच्या बाबतीत कायद्याच्या पुढे जाऊन वागावे लागते. यात्रेकरूचा किंवा वसाहतीतल्या वृद्धेचा चेहरा बातमीवजा लेखात येणे वेगळे आणि तो जाहिरातीत किंवा विक्रीच्या प्रिंटवर येणे वेगळे. दुसऱ्यासाठी लेखी संमती घ्यावी. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. सारसाच्या घरट्याजवळ तर जाऊच नये. जोडी बिथरून उठली की अंडी उघडी पडतात आणि कावळ्यांचे फावते. अनेक निसर्ग छायाचित्र स्पर्धा घरट्यांची चित्रे त्यामुळेच स्वीकारत नाहीत.

शेवटचे काम नोंदीचे. मूळ रॉ फाइल, काढल्याची तारीख, ठिकाण, संमतीपत्र आणि कोणत्या मासिकाला कोणता हक्क दिला याची वही दोन ठिकाणी जपून ठेवावी. कोणी चित्र न विचारता वापरले तर मालकी सिद्ध करायला हेच कागद कामी येतात.