पहिल्यापासून दहाव्यापर्यंत

शेतीशास्त्र शिकणाऱ्या परभणीच्या विद्यार्थ्यास स्पॅनिश भाषा अगदींच परकी मानण्याचें कारण नाहीं. १९६६ सालीं मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचें १८,००० टन बियाणें भारतांत आलें. गहूं व मका यांचें संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आजहि मेक्सिकोंतच आहे, आणि त्या देशाची भाषा स्पॅनिश. ही भाषा शिकूं लागलेल्यास अंक लवकर पाठ होतात. अडखळतो तो क्रमापाशीं. ‘तिसरी ओळ’ म्हणण्याऐवजीं ‘तीन ओळी’ म्हटलें गेलें, तर शेतांतील प्रयोगाची नोंदच चुकते.

वास्तविक ही वाट निम्मी त्यानें घरींच चाललेली असते. पंचांगांतील चतुर्थी, षष्ठी, सप्तमी, अष्टमी, दशमी ह्या तिथी त्याच्या कानांवरून लहानपणापासून जातात. स्पॅनिशमध्यें चौथा तो क्वार्तो, सहावा सेक्स्तो, सातवा सेप्तिमो, आठवा ओक्तावो व दहावा देसिमो. श्रोत्यांनीं षष्ठ-सेक्स्तो, सप्तम-सेप्तिमो, दशम-देसिमो अशा जोड्या मोठ्यानें म्हणून पाहाव्या. नातें लगेच ध्यानीं येतें. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या, आणि लॅटिन व संस्कृत ह्या एकाच प्राचीन कुळांतल्या. उरले प्रिमेरो, सेगुन्दो, तेर्सेरो, किन्तो व नोवेनो. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा, पांचवा व नववा. मराठींत ‘एक’पासून ‘पहिला’ होत नाहीं, तसा तेथें ‘ऊनो’पासून ‘प्रिमेरो’ होत नाहीं. तो पाठच केला पाहिजे.

मराठी माणसास लिंगाचीहि भीति नको. आपण पहिला महिना, पहिली ओळ म्हणतों. स्पॅनिश नामांस नपुंसकलिंग नाहीं, म्हणून ‘ओ’ व ‘आ’ हे दोनच शेवट पुरतात. तिसरी ओळ ती ‘तेर्सेरा फीला’. मात्र पुल्लिंगी एकवचनी नामापूर्वीं प्रिमेरो व तेर्सेरो आपला ‘ओ’ गमावतात : पहिला महिना तो ‘प्रिमेर मेस’.

आपला ‘वा’ हा प्रत्यय अकरावा, शंभरावा असा कोठेंहि लागतो. स्पॅनिशमध्यें दहाच्या पुढें निराळे शब्द आहेत खरे, पण नित्याच्या बोलण्यांत साधा अंकच येतो. विसावें शतक म्हणजे ‘सिग्लो वेइन्ते’, शब्दशः ‘शतक वीस’. स्पेनचा तेरावा आल्फोन्सो राजा ‘आल्फोन्सो त्रेसे’ म्हणजे ‘आल्फोन्सो तेरा’ होतो. परभणी १९४८ पर्यंत ज्याच्या अमलाखालीं होती तो हैदराबादचा सातवा निजाम मात्र दहाच्या आंतला, म्हणून ‘सेप्तिमो’च.

तारखांत तर क्रम पहिलीपुरताच. १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तो दिवस ‘प्रिमेरो दे मायो’. स्पेनमध्यें ‘ऊनो दे मायो’ असेंहि म्हणतात. पुढें नाम नसल्यामुळें येथें ‘ओ’ कायम राहतो. परभणीचें कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें. ती तारीख नुसती ‘दिएसिओचो दे मायो’, म्हणजे ‘अठरा मे’.

दहा शब्द, दोन लिंगें आणि दोन ठिकाणीं गळणारा ‘ओ’ : एवढी शिदोरी पहिल्या मुक्कामास पुरेशी आहे.