कशाचा अर्धा?

या व्याख्यानमालेत दर वसंतात राज्यकारभारापासून संगीतापर्यंत थोर थोर विषय येऊन जातात. त्यांच्या पंगतीला सहावी-सातवीच्या वर्गातला अपूर्णांक आणून बसवावा, हे काही श्रोत्यांना धाडसाचे वाटेल. परंतु ‘मला गणित येत नाही’ असे म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना ‘कधीपासून?’ असे विचारून पाहावे. पुष्कळजण पाचवी ते आठवी या इयत्तांकडे बोट दाखवितात, असा आमचा अनुभव आहे. तोवर पाढे, बेरीज-वजाबाकी, भागाकार बरे चाललेले असतात. मग एके दिवशी फळ्यावर एक आडवी रेघ येते, तिच्यावर एक आकडा आणि खाली एक आकडा येतो, आणि कित्येक मुले तेथे जी थबकतात ती थबकतातच. पुढे प्रमाण, शेकडेवारी, बीजगणित या सर्वांना त्या रेघेचाच आधार लागतो. म्हणून आजची संध्याकाळ आम्ही त्या रेघेला देत आहो.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. वर्गातील एका मुलीने वहीत लिहिले होते : १/२ + १/३ = २/५. वरच्यात वरचे मिळविले, खालच्यात खालचे. आम्ही लाल फुली मारली आणि समच्छेदाचा नियम पुन्हा सांगितला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच उत्तर. तेव्हा कोठे आम्हांला विचारण्याची बुद्धी झाली, “हे तू कसे केलेस?” ती म्हणाली, “गुरुजी, एका वाटीत दोन मणी आहेत, त्यांतला एक लाल. दुसऱ्या वाटीत तीन मणी, त्यांतला एक लाल. दोन्ही वाट्या एकत्र ओतल्या तर पाच मण्यांत दोन लाल. मग दोन पंचमांशच की!”

श्रोतेहो, या बोलण्यात चूक कोठे आहे? मणी मोजून पाहा. पाचांत दोन लाल निघतीलच. मुलीचा विचार खरा होता, परंतु तो दुसऱ्याच प्रश्नाचा होता. तिचा अर्धा दोन मण्यांचा, तिचा तिसरा हिस्सा तीन मण्यांचा, आणि उत्तर पाच मण्यांचे. तिन्ही ठिकाणी ‘अख्खे’ वेगळे. बेरजेत मात्र अख्खे एकच धरलेले असते, आणि ही गोष्ट आम्ही तिला कधी सांगितलीच नव्हती. आम्ही विचारले, “तुझ्याजवळ अर्धी भाकरी आहे. तीत आणखी एक तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी होईल का?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे भाकरी एकच धरायची होय?” जे आमच्या नियमाने दोन आठवड्यांत साधले नाही ते त्या एका प्रश्नाने साधले.

आमचे सगळे प्रतिपादन त्या प्रश्नात आहे. अपूर्णांक दिसला की पहिला प्रश्न विचारावा : कशाचा? अर्धा, पण कशाचा अर्धा? मुलाला हे विचारण्याची सवय लागली, की नियम पाठोपाठ येतात आणि टिकतात. प्रश्नावाचून पाठ केलेले नियम परीक्षेपर्यंत टिकतात, पुष्कळदा तितकेही टिकत नाहीत.

गंमत अशी की, हा प्रश्न आपल्या मराठी भाषेतच मुरलेला आहे. ‘सव्वादोन’ म्हणजे दोन आणि एकाचा पाव. ‘सव्वादोनशे’ म्हणताच तो पाव शंभराचा झाला, म्हणजे पंचवीस. ‘सव्वादोन हजार’ म्हटले की तोच पाव हजाराचा, म्हणजे अडीचशे. ‘पाऊणशे’ म्हणजे शंभराचे पाऊण, आणि ‘पावणेदोनशे’ म्हणजे दोनशेला शंभराचा पाव कमी. शाळेत न गेलेली बाईसुद्धा हे शब्द बिनचूक वापरते. ‘कशाचा पाव’ हे तिला सांगावे लागत नाही. मूल हे सर्व ऐकतच शाळेत येते. मग वर्गात आम्ही फळ्यावर १/४ लिहितो, आणि हा आपला ओळखीचा पावच आहे हे सांगायचे विसरतो!

पूर्वी ही ओळख बाजार करून देत असे. रुपयाचे आणे सोळा, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली; शेराच्या खाली अच्छेर, पावशेर. घरोघरी मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा म्हणत, म्हणजे साडेतीनचा पाढा. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेराच्या जागी किलो आला. हा बदल हिताचाच होता. हिशेब सोपे झाले. पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक पावलीच म्हणत राहिले, पण जून २०११ अखेर तेही चलनातून गेले. आजच्या सहावीच्या मुलाने रुपयाचा पाव हाती धरलेलाच नाही. जुने पाढे परत आणावेत असे आमचे म्हणणे नाही. ते घोकणाऱ्यांतही अर्थ न कळलेले पुष्कळ होते. परंतु बाजार जे काम फुकट करीत होता ते आता शाळेने आणि घराने जाणून-बुजून केले पाहिजे, एवढे खरे.

ते कसे करावे? बेरजेपासून पाहू. अर्धा आणि तिसरा हिस्सा यांची सरळ बेरीज का होत नाही? दोन रुपये आणि तीन पैसे मिळून ‘पाच’ होत नाहीत, म्हणून. तुकडे सारखे असल्यावाचून मोजता येत नाहीत. एक डझन केळी घ्या. डझनाचा अर्धा म्हणजे सहा केळी, तिसरा हिस्सा म्हणजे चार, मिळून दहा. बारांपैकी दहा म्हणजेच ५/६. समच्छेद करणे म्हणजे तुकडे एका मापाचे करणे, याहून त्यात गूढ काही नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त हीच रीत दिली आहे. ‘अंश’ आणि ‘छेद’ हे आपले शब्दही त्याच जुन्या परंपरेतले. छेद म्हणजे कापणे, म्हणजे किती तुकडे केले ते.

दुसरी सवय अंदाजाची. उत्तर काढण्याआधी ‘साधारण किती येईल?’ असे मुलाला विचारावे. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की, १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज १, २, १९, २१ यांपैकी कशाच्या जवळ येईल? दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ, तेव्हा उत्तर २. ते देणारी मुले चौथ्या हिश्शाइतकीही भरली नाहीत. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ सांगितले. कोणी वरचे आकडे मिळविले, कोणी खालचे. तेव्हा हे दुखणे आपल्याच शाळांचे आहे असे समजून खचून जाण्याचे कारण नाही.

गुणाकाराशी मुलाचा आणखी एक समज अडखळतो. गुणले की संख्या वाढते, असे त्याने चौथीपर्यंत पाहिलेले असते. येथे १/३ × १/२ याचे उत्तर १/६, म्हणजे दोहोंहून लहान! कागदाची एक पट्टी घ्यावी, मधोमध घडी घालावी आणि त्या अर्ध्याचे तीन भाग करावेत. तिसरा हिस्सा कशाचा? अर्ध्याचा. आणि सहावा हिस्सा कशाचा? अख्ख्या पट्टीचा. घडी उलगडून दाखविली की वादच उरत नाही.

भागाकाराच्या वेळी तर ‘उलटा करून गुणा’ हा मंत्र आपण देतो. उलटा का, हे कोणी विचारीत नाही. दोन मीटर कापड आहे, उशीच्या एका अभ्र्याला पाऊण मीटर लागते, अभ्रे किती? एका मीटरमध्ये चार पाव, अभ्र्याला लागतात तीन. म्हणून एका मीटरमध्ये ४/३ अभ्रे. उलटे झाले ते येथे! दोन मीटरमध्ये ८/३, म्हणजे दोन पूर्ण आणि २/३. आता घरी आई कापड बेतते. दोन अभ्र्यांना दीड मीटर गेले, अर्धा मीटर उरले. मुलगा म्हणतो दोन तृतीयांश उरले, आई म्हणते अर्धा उरला. कोण चुकले? कोणीच नाही. आईचा अर्धा मीटरचा आहे, मुलाचे दोन तृतीयांश एका अभ्र्याचे आहेत. हा तंटा वर्गात मुद्दाम लावून द्यावा, आणि मुलांनाच मिटवू द्यावा.

दशांश अपूर्णांकाची कथा याहून निराळी नाही. ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण पंचवीस पाचांहून मोठे, असे मूल सांगते. ५.५ रुपये म्हणजे पाच रुपये पाच पैसे, असे वाचते. दोन्हीकडे एकच गोष्ट राहिली : ते पाच कशाचे? दहाव्या हिश्शाचे, त्या मानाने पंचवीस हे शंभराव्या हिश्शाचे. क्रिकेटवेडी मुले तर आणखी एक गोष्ट जाणतात. ४.३ षटके म्हणजे साडेचार षटके, कारण षटकाचे चेंडू सहा. तेथला टिंब दशांशाचा नव्हेच. शेकडेवारीचेही तेच. हजाराच्या वस्तूचा भाव दुकानदाराने शेकडा वीस वाढविला, बाराशे झाले. मग शेकडा वीस सूट दिली, तर पुन्हा हजार व्हावेत असे वाटते. होतात नऊशे साठ. कारण वाढ हजारावर होती आणि सूट बाराशेंवर.

यावर शिक्षकबंधू म्हणतील की, अभ्यासक्रम मोठा, वर्ग भरलेला. पट्ट्या दुमडायला वेळ कोठून आणावा? अडचण खरी आहे, आम्हीही ती सोसली आहे. परंतु तोच नियम सहावीत, सातवीत आणि पुन्हा आठवीत नव्याने सांगण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. सहावीच्या आरंभी दोन आठवडे कागदाच्या पट्ट्या, केळी, दोरी आणि संख्यारेषा यांना दिले, तर ते पुढे परत मिळतात, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. आईबापांना तर काहीच नवे करावयाचे नाही. पोळीचे तुकडे, दुधाचे माप, बसचा वेळ, बाजारची पिशवी हे सर्व घरात आहेच. मुलाने ‘पाव’ म्हटले की ‘कशाचा?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. एक गोष्ट मात्र टाळावी. ‘आमच्या घराण्यातच गणित नाही’ हे वाक्य मुलाच्या देखत बोलू नये. मूल ते ऐकते, आणि खरे मानते.

त्या मुलीच्या वहीतली लाल फुली आमच्या अजून लक्षात आहे. तिने दोन वाट्या डोळ्यांपुढे आणून, मणी मोजून, स्वतःच्या बुद्धीने एक गोष्ट शोधली होती, आणि आम्ही न विचारताच ती चूक ठरविली. आणखी दोन-चार फुल्या पडल्या असत्या, तर तिने विचार करणेच सोडून दिले असते आणि नियम पाठ करून ती उत्तीर्णही झाली असती. मग मोठेपणी तीही कोठेतरी म्हणाली असती, ‘मला गणित येत नाही.’ आपल्या घरात ज्यांचे मूल या इयत्तांत आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याची वही उघडावी, चुकलेले एखादे उदाहरण शोधावे आणि न रागावता विचारावे, “हे तू कसे केलेस, मला सांग बरे.”